हात कुठवर?

आमच्या घरी कपाटाच्या वरच्या फळीवर पत्र्याची एक नळी असायची. तिचं झाकण गंजलेलं होतं आणि तिला हात लावायची आम्हा भावंडांना परवानगी नव्हती. तिच्यात अब्बांचे जहाजाचे कागद होते. आमच्या किनाऱ्यावर खलाशाच्या दाखल्यालाच 'नळी' म्हणतात. जुन्या काळी खलाशी आपले कागद ओल लागू नये म्हणून अशा पत्र्याच्या नळीत गुंडाळून ठेवत. पुढे दाखल्याचं छापील पुस्तक झालं, तरी नाव नळीच राहिलं. 'अमक्याच्या पोराची नळी निघाली' असं कानावर आलं की समजायचं, पोरगा जहाजावर चालला आणि आता त्याच्या बहिणीचं लग्न ठरणार.

श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या भागातल्या आमच्या वस्त्यांत जहाजाची नोकरी नवी नव्हती. कुणाचे आजोबा मोगल लाइनच्या हजच्या जहाजांवर होते, कुणाचे मामू परदेशी कंपनीच्या मालवाहू बोटीवर. मुंबईहून हजची जहाजं १९९५ साली बंद झाली, त्याच्या पुष्कळ आधीपासून सारंग, तांडेल, सुकाणी, भंडारी, खलाशी हे शब्द आमच्या घरात चुलीजवळचे झाले होते. बायका भांडताना एकमेकींना सारंगीण म्हणत. विहिरीतून जड बादली ओढताना पोरं 'हबेस' ओरडत आणि खाली सोडताना 'आरिया'. जहाजावर माल वर घेताना आणि खाली सोडताना हीच हाक देतात. हे शब्द पोर्तुगीज, फारसी, अरबी असे कुठकुठले गोळा होऊन आलेले, पण आम्हाला ते आमचेच वाटत. इंग्रज अधिकाऱ्यांना ही खलाशांची बोली शिकावी लागे. टॉमस रोबक नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं १८११ साली कलकत्त्यात तिचा कोश छापला होता. म्हणजे एक काळ असा होता की हुकूम देणाऱ्याला हुकूम घेणाऱ्याची भाषा शिकायची गरज वाटत होती.

अब्बांच्या वेळेपर्यंत ते दिवस सरले होते. डेकवर हाक अजून आमच्या बोलीत होती. कागद मात्र सगळा इंग्रजीत होता.

१९७९ साली त्यांना अपघात झाला. तेव्हा आमचा जिल्हा कुलाबा होता, रायगड हे नाव त्याला १९८१ साली मिळालं. परदेशातल्या एका बंदरात जहाज धक्क्याला बांधत होते. विंचच्या फिरत्या पिंपावर जाड दोरखंडाचे वेढे चढत होते. अब्बा दोर ओढून घेत उभे होते. एक वेढा सरकला, त्यांच्या उजव्या हातावर बसला आणि विंच थांबेपर्यंत हात दोराबरोबर पिंपावर गेला. हे सगळं आम्हाला पुष्कळ वर्षांनी, तुकड्यातुकड्यानं कळलं. तेव्हा गावात आला तो फक्त निरोप. मुंबईत डोंगरीला गावकऱ्यांची जी खोली होती, तिथून एक चाचा एसटीनं रात्रभर प्रवास करून आले आणि ओटीवर बसून दादीला म्हणाले, "भाबी, तो बरा हाय. हात गेला."

दादी एवढंच म्हणाली, "जीव हाय ना?"

अब्बा घरी आले ते चार महिन्यांनी. शर्टाची उजवी बाही वर दुमडून टाचणी लावलेली होती. गावातलं झाडून माणूस भेटायला आलं. प्रत्येकाचे दोन प्रश्न ठरलेले होते. पहिला, "कसा गेला?" दुसरा, थोडा आवाज खाली आणून, "कंपनी किती देणार?" आम्ही तिघं भावंडं दाराआड उभे राहून ऐकत असू. अब्बा पहिल्या प्रश्नाला 'दोरात' म्हणत आणि दुसऱ्याला 'अल्ला देईल'.

तिसरा प्रश्न विचारणारा एकच माणूस निघाला.

पहिल्या जुम्याला अब्बा मशिदीत गेले आणि हौदावर येऊन नुसते बसून राहिले. नळ उघडेना, पाण्यात हात घालेनात. आम्ही लोटा घेऊन शेजारी उभे. पेशइमाम मौलाना आले, सलाम झाला, आणि मौलानांनी विचारलं, "कुठून गेलाय?"

अब्बांनी बाही वर केली. मौलानांनी उरलेल्या दंडावरून हात फिरवला, खालच्या टोकाला बोटांनी चाचपून पाहिलं आणि म्हणाले, "कोपर नाही. मग या हाताचं फर्ज तुमच्यावरून उतरलं. पण उरलेल्या दंडावर पाणी घेतलंत तर बेहतर आहे." मग आमच्याकडे वळून म्हणाले, "ओता रे."

त्या दिवसापासून अब्बांच्या दंडावर पाणी ओतायचं काम आमचं झालं. पाळी लावून घेतली होती आम्ही. फजरला मधल्याची, मगरिबला धाकटीची.

लहानपणी आम्हाला त्या प्रश्नाचं काही विशेष वाटलं नव्हतं. पुढे थोडं वाचायला लागल्यावर त्यामागचा हिशेब कळला. कुराणात सूरह माइदाच्या सहाव्या आयतीत वुजूचा हुकूम आहे. तिथं हात धुण्याचं सांगताना कोपरापर्यंत अशी हद्द घालून दिली आहे. अरबीतला 'यद' हा शब्दही आपल्या 'हात'सारखाच लांब-आखूड होणारा. बोटांपासून मनगटापर्यंतही यद आणि खांद्यापर्यंतही यद. त्यामुळे हद्द सांगावी लागली. त्याच आयतीत पुढे पाणी नसेल तर मातीनं तयम्मुम करण्याची सवलत आहे. तिथं हाताची हद्द सांगितलेली नाही, आणि तिथंच आलिमांमध्ये मतभेद झाले. कुणी म्हणालं मनगटापर्यंत, कुणी म्हणालं कोपरापर्यंत. आम्ही कोकणातले शाफई, आमच्याकडे कोपरापर्यंत. एखाद्याचा हात तुटलेला असेल तर काय, हेही आमच्या फिकहच्या किताबांत खुलासेवार दिलं आहे. कोपराखाली तुटला असेल तर उरलेला भाग धुणं फर्ज. नेमका कोपरातून तुटला असेल तर दंडाच्या हाडाचं टोक धुवायचं. कोपराच्या वर तुटला असेल तर फर्ज नाही, पण उरलेला दंड धुतलेला बरा. मौलानांनी हौदावर बसून बोटांनी जे चाचपलं ते हे होतं. शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी विचार करून ठेवला होता की हात गेला म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारायचा असतो, कुठून?

घरात हळूहळू सगळ्याची सवय झाली. काही गोष्टींची मात्र झाली नाही. आमच्याकडे दोर, जाळं, पाण्याची खोली हे सगळं 'वावा'त मोजतात. दोन्ही हात पसरले की एका हाताच्या बोटापासून दुसऱ्या हाताच्या बोटापर्यंत एक वाव. इंग्रज ज्याला फॅदम म्हणतात तोही मुळात हाच, पसरलेल्या दोन हातांचा. सहा फूट हा आकडा त्याला मागाहून चिकटला. अब्बा वाडीतल्या विहिरीचा दोर बदलायला बसले की सवयीनं डावा हात पसरत, आणि मग थांबत. दोर आपाच्या हातात देत. आपा तेव्हा दहा वर्षांची, तिचा वाव लहान. दोर नेहमी कमी पडायचा.

आणि ईदच्या दिवशी मुसाफहा. मुसाफहा दोन्ही हातांनी करायची आमच्याकडची रीत. लोक दोन हात पुढे करत, अब्बा एक. त्यांचा एक हात समोरच्याच्या दोन हातांत जाऊन बसायचा आणि समोरचा माणूस क्षणभर अवघडायचा. अब्बा त्याला अवघडू देत नसत. मोठ्यानं म्हणत, "एक उधार."

भरपाईचा विषय १९८० मध्ये निकालात निघाला. अब्बा मुंबईला गेले, खोलीवर आठ दिवस राहिले आणि सही करून आले. सही डाव्या हातानं. ती करायला ते घरी महिनाभर आमच्या पाटीवर शिकले होते. जी रक्कम मिळाली तिच्यात कर्ज फिटलं, दादीच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि उरलेल्यात आपाचं लग्न. लग्नाला थोडे कमी पडले म्हणून सुपारीची अर्धी वाडी गहाण टाकली. श्रीवर्धनचा रोठा नावाजलेला, त्याची ती झाडं आजोबांनी लावलेली. ती अर्धी वाडी परत सुटली नाही. आम्ही मोठे झालो ते उरलेल्या अर्ध्या वाडीत, मधल्या कुंपणापलीकडच्या झाडांची सुपारी दुसऱ्यानं उतरवताना बघत.

ती पत्र्याची नळी आम्ही उघडली १९९४ साली. आमच्यातली धाकटी तेव्हा इंग्रजी विषय घेऊन बी. ए. करत होती. आमच्या खानदानात इंग्रजीचा कागद अडखळत का होईना पण पूर्ण वाचू शकणारं ते पहिलं माणूस. रेशनकार्डासाठी अब्बांच्या जन्मतारखेचा पुरावा हवा होता, म्हणून नळी खाली काढली. कागदांच्या घड्या उलगडता उलगडता भरपाईच्या कराराची प्रत हाती आली. धाकटीनं ती एकदा वाचली, मग दुसऱ्यांदा. मग मधल्याला हाक मारली.

कागदावर लिहिलं होतं त्याचा अर्थ असा की अमुक जहाजावरचा डेक हॅण्ड, याचा उजवा हॅण्ड गेला, सबब कमावण्याच्या क्षमतेत साठ टक्के घट.

एकाच ओळीत तोच शब्द दोनदा. पहिला हॅण्ड म्हणजे आमचे अब्बा, अख्खे. दुसरा हॅण्ड म्हणजे त्यांचा हात. आणि हा दुसरा हॅण्ड चुकीचा होता.

मराठीत खांद्यापासून बोटाच्या टोकापर्यंत सगळा हात. आपण 'हात वर कर' म्हणतो तेव्हा खांद्यापासून वर होतो, 'हात धू' म्हणतो तेव्हा मनगटापर्यंतच धुतला जातो, आणि कुणाचा गोंधळ होत नाही. इंग्रजीत तसं नाही. मनगटाच्या खाली हॅण्ड, मनगटाच्या वर आर्म. ज्याचा हॅण्ड गेला त्याचं मनगट, कोपर, दंड सगळं शाबूत आहे असं इंग्रजी वाचणारा समजतो. अब्बांचा कोपरही गेला होता.

धाकटीनं कॉलेजच्या ग्रंथालयातून कायद्याचं पुस्तक आणलं. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा, त्याचं पहिलं परिशिष्ट. तिथं माणसाच्या शरीराचा दर लावून ठेवला आहे. अंगठा गेला तर तीस टक्के. चार बोटं गेली तर पन्नास. हॅण्ड गेला, किंवा कोपराच्या टोकाखाली साडेचार इंच राखून त्याच्याखाली हात कापला, तर साठ. त्या साडेचार इंचांच्या वर, खांद्याच्या टोकापासून आठ इंचांपर्यंत कुठंही कापला, तर सत्तर. खांद्यापाशी आठ इंचही उरला नाही तर ऐंशी. खांद्याच्या सांध्यातूनच गेला तर नव्वद. आम्ही अब्बांना बसवून शिवणाच्या टेपनं दंड मोजला. खांद्याच्या टोकापासून पावणेदहा इंच. म्हणजे सत्तर.

कायद्यानं 'कुठून' हा प्रश्न अगदी इंचात विचारून ठेवला होता. कागद लिहिणाऱ्यानं तो विचारला नाही.

अब्बांना आम्ही सगळं समजावून सांगितलं. ते ओटीवर बसून सुपारी कातरवून घेत होते. त्यांनी आठवून आठवून सांगितलं की टेबलापलीकडच्या माणसानं हिंदीत विचारलं होतं, काय गेलं? "मी बोललो, हात गेला." त्यानं लिहून घेतलं. परदेशातल्या दवाखान्याचा कागद होता, पण तो तिकडच्या भाषेत, तो कुणी वाचला नाही. दुमडलेली बाही त्याच्या समोरच होती.

"त्यानं खोटं लिवलं नाय," अब्बा म्हणाले. "मी बोललो ता त्यानं लिवलं."

"पण अब्बा, इंग्रजीत हॅण्ड म्हणजे इथपर्यंतच," धाकटीनं आपल्या मनगटावर बोटानं रेघ ओढून दाखवली.

अब्बांनी तिच्या मनगटाकडे पाहिलं, मग आपल्या बाहीकडे. "मंग हा वरचा कुनाचा व्हता?"

त्या प्रश्नाला आम्ही हसलो. रात्री मात्र कुणाला झोप आली नाही. शंभरात दहा. अर्धी वाडी त्या दहात बसली असती की नाही याचा हिशेब आम्ही तिघांनीही आपापल्या अंथरुणात केला होता, हे आम्ही एकमेकांना पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

मधला अलिबागला जाऊन एका वकिलाला भेटून आला. वकील भला माणूस होता. त्यानं सांगितलं की असा दावा दोन वर्षांच्या आत करायचा असतो. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण इथं पंधरा वर्षं झाली, आणि करारावर सही आहे. मधल्यानं विचारलं, "शब्दाचा अर्थ माहीत नव्हता, हे सबळ कारण नाही का?" वकील म्हणाला, "कारण आहे. सबळ आहे की नाही ते कोर्ट ठरवेल, आणि ठरवायला आणखी पंधरा वर्षं घेईल." अब्बांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी नळीचं झाकण लावलं आणि म्हणाले, "ठेव वर."

आम्ही ती वर ठेवली, पण तो शब्द काही डोक्यातून जाईना. तेव्हापासून 'हॅण्ड' कुठं दिसला की आम्ही थांबतो. आणि हा शब्द तर आपल्या बोलण्यात सगळीकडे घुसलेला. वस्तीत हॅण्डपंप, टेम्पोला हॅण्डब्रेक, मुंबईहून आलेली सेकंडहॅण्ड मोटारसायकल. इंग्रज म्हणतो हॅण्डशेक, आपण त्याला उलटा करून शेकहॅण्ड केला, कारण आपल्याला आधी हलवणं दिसतं, मग हात. तो शब्द आपण घेतला, पण त्याची हद्द घेतली नाही. आपल्या तोंडातला हॅण्ड आपल्या हाताइतकाच लांब राहिला.

'हस्त' आणि 'हॅण्ड' हे ऐकायला सख्खे वाटतात, पण त्यांचं नातं नाही. संस्कृत 'हस्त'चा खरा भाऊ आहे फारसी 'दस्त'. तो तर आपल्या मराठीत घर करून राहिला आहे. दस्तऐवज, दस्तखत, जबरदस्त, या सगळ्यांत तो हात आहे. विचार केला तर मौज वाटते आणि वाईटही. ज्या दस्तऐवजात अब्बांचा हात आखूड झाला त्या शब्दातही हात, आणि त्याखाली त्यांनी पाटीवर शिकून केलेलं दस्तखत, त्यातही हात.

हातासाठी एकच शब्द ठेवणारे आपण एकटे नाही. रशियन माणूसही खांद्यापासून बोटापर्यंत 'रुका' म्हणतो. जगातल्या भाषांच्या एका मोठ्या पाहणीत ६१७ भाषा तपासल्या, तेव्हा २२८ भाषांत हॅण्ड आणि आर्म यांना एकच शब्द निघाला. म्हणजे आपली भाषा काही अपुरी नाही. दंड, कोपर, मनगट, तळहात, पंजा हे सगळे शब्द आपल्याकडे आहेत. निवडणुकीत काँग्रेसच्या निशाणीला गावातला अडाणी म्हातारासुद्धा 'पंजा' म्हणतो, कारण त्या चित्रात मनगटाच्या वर काही नाही. हॅण्डला आपला नेमका शब्द पंजा, आणि तोही फारसीतून आलेला, पाच बोटांचा. अब्बा त्या दिवशी म्हणाले असते 'दंडातून गेला', तर कदाचित कागद वेगळा झाला असता. पण असं कोण बोलतं? ज्याचा हात गेला तो हात गेला असंच म्हणतो. नेमका शब्द शोधायची जबाबदारी लिहिणाऱ्याची असते.

आणि इंग्रजीची हद्द तरी कुठं पक्की आहे? फुटबॉलमध्ये चेंडू कोपराला लागला तरी पोरं 'हॅण्ड' ओरडतात आणि पंच शिटी वाजवतो. तिथं हॅण्ड कुठवर, यावर इतके वाद झाले की २०२० साली खेळाच्या नियमांत लिहावं लागलं, काखेच्या खालच्या रेषेपर्यंत. आमच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वाळूत फुटबॉल खेळणाऱ्या पोरांना हा नियम पाठ आहे. खेळात जो हॅण्ड काखेपर्यंत जातो, तो भरपाईच्या कागदावर मनगटाशी थांबला.

पहिला हॅण्ड, डेक हॅण्ड, तो मात्र आम्हाला अजून जास्त खुपतो. इंग्रजीत मजुराला हॅण्ड म्हणायची जुनी रीत आहे. शेतावरचा हॅण्ड, गिरणीतला हॅण्ड, जहाजावरचा हॅण्ड. डिकन्सच्या 'हार्ड टाइम्स' या १८५४ च्या कादंबरीत गिरणीतल्या कामगारांना मालक लोक हॅण्ड्स म्हणतात, आणि ते नाव त्यांच्या माणूसपणावरच कसं घाला घालतं हे लेखकानं दाखवलं आहे. जहाज बुडून कुणीच वाचलं नाही तर इंग्रजीत 'सगळ्या हातांसकट' बुडालं असं म्हणतात. आपल्याकडेही हातावर पोट असलेला माणूस असतो. पण त्यात पोट आहे, आणि पोट म्हटलं की मागं घर आलं, पोरं आली. हॅण्डमध्ये नुसता हात. बाकीचा माणूस शब्दाच्या बाहेर. मग तो हातच गेल्यावर जहाजाच्या दृष्टीनं उरलं काय? अब्बा एकदा म्हणाले होते की दवाखान्यातून बंदरावर आणलं तेव्हा त्यांच्या जागी दुसरा खलाशी आलेला होता, त्याच्या अंगावर त्यांचाच रेनकोट होता.

हे सगळं एवढं लांबण लावून सांगण्याचं कारण आहे. आपल्या समाजात पोरांना कोणत्या भाषेत शिकवायचं यावर आम्ही लहानपणापासून भांडणं ऐकली. मराठी शाळा की उर्दू शाळा. मराठी बाजूचे म्हणत, ही आपली घरची भाषा, हिच्यात नोकरी. उर्दू बाजूचे म्हणत, ही गेली तर दीन आणि तहजीब गेली. दोन्ही बाजूंना वजन होतं आणि आमच्या घरात दोन्ही शाळांत गेलेली माणसं आहेत. पण त्या सगळ्या वर्षांत आपल्या पोटाचे कागद तिसऱ्याच भाषेत येत होते आणि ते वाचणारं वस्तीत कुणी नव्हतं. मराठीत हात, उर्दूत हाथ, दोन्ही तितकेच लांब. दोन्हींच्या भांडणात मनगटावरची ती रेघ कुणालाच दिसली नाही.

आता दिवस पालटले आहेत. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आली. वस्तीतली पोरं जहाजावर जातात, आखातात जातात, मोबाइलवर इंग्रजी करार येतो आणि ती बोटानं खाली सरकवत सही करतात. खलाशांसाठीचा जो आंतरराष्ट्रीय करार २००६ साली झाला आणि आपल्या देशानं २०१५ साली मान्य केला, त्यात लिहिलं आहे की सही करण्यापूर्वी खलाशाला करार नीट पाहायला आणि सल्ला घ्यायला वेळ मिळाला पाहिजे. हक्क मिळाला हे चांगलं झालं. पण जो 'मला हा शब्द कळला नाही' असं म्हणायला लाजतो, त्याला हा हक्क वापरता येत नाही. आणि आपली पोरं लाजतात. इंग्रजी येत नाही हे कबूल करण्यापेक्षा ती सही करणं पत्करतात.

आमची धाकटी गेली कित्येक वर्षं शाळेत इंग्रजी शिकवते. वर्गाच्या भिंतीवर शरीराच्या अवयवांचा तक्ता आहे. त्यात हॅण्ड शब्दापासून निघालेला बाण पंज्यावर जातो आणि आर्मचा बाण दंडावर. पोरं दोन्हींचं भाषांतर 'हात' असं लिहितात आणि त्यांना दोन्हीकडे पूर्ण गुण मिळतात. ती गुण कापत नाही, कारण उत्तर चूक नाही. पण त्या दिवशी ती प्रत्येक पोराला उभं करते, खडूनं त्याच्या मनगटावर एक रेघ ओढते, कोपरावर दुसरी, आणि विचारते, "सांग, हात गेला तर कुठून?" पोरं हसतात. खडू पुसून टाकतात. एखादं पोर घरी जाईपर्यंत ती रेघ तशीच ठेवतं.

अब्बा २०११ च्या पावसाळ्यात गेले. गुस्ल द्यायला जमातीतली दोन जाणती माणसं आली होती आणि मदतीला मधला. उजवी बाजू आधी, हे सगळ्यांना माहीत होतं. त्या बाजूला आल्यावर जाणत्यांतला एक जण थांबला, चादरीखाली चाचपलं आणि हळूच विचारलं, "कुठून?"

मधल्यानं सांगितलं, "कोपराच्या वरून." आणि लोटा उचलून दंडावर पाणी ओतलं. फजरची पाळी त्याचीच असायची.